अँटिबॉडी लावलेले चुंबकीय कण आणि कर्करोगाची गाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लोखंडाचे सूक्ष्म कण गाठ शोधतात आणि जाळून टाकतात’ अशा अर्थाची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी फिरते. त्यानंतर तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे खरी मेख आहे तिथे जास्त थांबलो आहे. मी डॉक्टर नाही. काही वर्षं या कणांवर अँटिबॉडी चढवायचं काम हाताने केलं आहे, एवढाच माझा अधिकार.

हा प्रकार नेमका आहे तरी काय?

लोहाच्या ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म कण घ्यायचा. बहुतेक वेळा तो मॅग्नेटाइटचा असतो, गाभा साधारण १० ते २० नॅनोमीटर. त्यावर डेक्स्ट्रान, स्टार्च किंवा पीईजी अशा एखाद्या पदार्थाचं आवरण द्यायचं. आवरणाच्या बाहेरच्या बाजूला अशी अँटिबॉडी जोडायची, जी कर्करोगाच्या पेशीवर जास्त प्रमाणात असलेल्या एखाद्या प्रथिनाला नेमकी पकडते. हे सगळं शिरेतून दिलं की कण गाठीपाशी जाऊन साचावेत, अशी अपेक्षा. साचले तर दोन कामं होतात. एमआरआयमध्ये गाठ वेगळी दिसते, आणि बाहेरून वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र दिलं तर कण तापून गाठीला उष्णता देतात.

या वाक्यांत ‘साचावेत’ हा शब्द सर्वांत महाग आहे. पुढचे बरेच प्रश्न फिरून त्याच्याशीच येतात.

लोखंड रक्तात सोडायचं? ते गंजत नाही का?

ते आधीच गंजलेलं आहे, असं गमतीने म्हणता येईल. धातूरूप लोखंड वापरत नाहीत, त्याचं ऑक्साइड वापरतात. शिवाय लोह शरीराला परकं नाही. प्रौढ माणसाच्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. भक्षक पेशी हे कण गिळतात, आतल्या आम्लात ते हळूहळू विरघळतात आणि सुटलेलं लोह शरीराच्या नेहमीच्या साठ्यात जमा होतं. फेरुमॉक्सिटॉल नावाचं असंच कणरूप औषध अमेरिकेत २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयावर दिलं जातं. त्याच्या एका मात्रेत ५१० मिलिग्रॅम लोह असतं.

चुंबकीय कण एकमेकांना चिकटून रक्तवाहिनी तुंबणार नाही का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर कणाच्या आकारात दडलेलं आहे. मोठ्या चुंबकात अनेक लहान प्रदेश असतात आणि प्रत्येकाची स्वतःची चुंबकीय दिशा असते. कण सुमारे २०-२५ नॅनोमीटरपेक्षा लहान केला की त्यात एकच प्रदेश उरतो, आणि आजूबाजूच्या उष्णतेच्या धक्क्यांनी त्याची दिशा सतत पालटत राहते. बाहेरचं क्षेत्र असेपर्यंत तो जोरदार चुंबक असतो. क्षेत्र काढलं की सरासरी शून्य. याला अतिपराचुंबकत्व म्हणतात. म्हणून सिरिंजमध्ये किंवा शिरेत हे कण एकमेकांना ओढत नाहीत.

पण चिकटायला चुंबकत्वच लागतं असं नाही. आवरण नीट बसलं नसेल तर रक्तातल्या क्षारांमुळे आणि प्रथिनांमुळेही गुठळ्या होतात. माझी एक आख्खी बॅच अशी वाया गेली आहे. साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) आठवडाभर स्वच्छ, पारदर्शक तपकिरी द्रव होता. सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव भाग) घालून शेकरवर ठेवला आणि तासाभराने बघतो तर नळीच्या तळाशी काळपट गाळ. अँटिबॉडी जोडताना आवरणावरच्या ज्या टोकांना हात लावला होता, तीच टोकं कणांना एकमेकांपासून दूर ठेवत होती. एक काम करायला गेलो आणि दुसरं बिघडवून बसलो. या क्षेत्रात असं रोज होतं.

अँटिबॉडीची कटकट कशाला? गाठीवर बाहेरून चुंबक ठेवला तर?

करून पाहिलं गेलं आहे. १९९६ च्या सुमारास जर्मनीत १४ रुग्णांवर एपिरुबिसिन हे केमोचं औषध चुंबकीय द्रवाला बांधून, बाहेरून चुंबक लावून पहिली चाचणी झाली. अडचण भौतिकशास्त्राची आहे. कणाला ओढायला नुसतं क्षेत्र पुरत नाही, ते क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने बदलावं लागतं. चुंबकापासून काही सेंटिमीटर आत गेलं की ही ओढ फारच क्षीण होते, आणि समोर रक्ताचा प्रवाह असतो. त्वचेलगतच्या गाठीसाठी विचार करता येतो. यकृतात किंवा फुप्फुसात खोलवर असलेल्या गाठीसाठी नाही.

अँटिबॉडी काय ओळखते? आणि ती फक्त गाठीवरच जाते का?

सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे हर-टू हे प्रथिन. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत ते पेशीवर प्रचंड प्रमाणात असतं. निरोगी पेशीवर हजारोंच्या घरात, तर अशा गाठीच्या पेशीवर दहा-वीस लाखांपर्यंत. ट्रास्टुझुमॅब ही त्याविरुद्धची अँटिबॉडी १९९८ पासून औषध म्हणून वापरात आहे, त्यामुळे कणांवर चढवायलाही बहुतेक जण तीच उचलतात.

‘फक्त गाठीवरच’ असं मात्र जवळजवळ कुठलंच प्रथिन नसतं. हर-टू थोड्या प्रमाणात हृदयाच्या पेशींवरही असतं. ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांच्या हृदयाची वेळोवेळी तपासणी करतात ती त्याचमुळे.

एकाच प्रकारच्या, हव्या तेवढ्या, तंतोतंत सारख्या अँटिबॉडी बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये दाखवली. १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं. त्याआधी हा सगळा विचारच शक्य नव्हता.

अँटिबॉडी कणाला चिकटवतात कशी?

रासायनिक बंधांनी. अँटिबॉडीवर अमिनो गट असतात, कणाच्या आवरणावर कार्बॉक्सिल गट ठेवायचे आणि मधे जोडणारं रसायन घालायचं. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत आंधळी पद्धत. अँटिबॉडी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी असते आणि पकडायचं काम वरची दोन टोकं करतात. आंधळ्या जोडणीत काही अँटिबॉडी उताण्या, काही पालथ्या बसतात. पालथ्या असतील त्यांची टोकं कणाकडे, म्हणजे त्यांचा उपयोग शून्य. त्यामुळे आता अँटिबॉडीचं खालचं देठच बांधणाऱ्या पद्धती पुढे आल्या आहेत.

आकारमान लक्षात घ्या. एक अख्खी अँटिबॉडी १० ते १५ नॅनोमीटरची, म्हणजे जवळपास कणाच्या गाभ्याएवढीच. तिळाला मोहरी चिकटवण्यासारखं आहे हे. आवरण आणि अँटिबॉडी धरून तयार वस्तू ३० ते १०० नॅनोमीटरची होते. म्हणूनच अँटिबॉडीचे लहान तुकडे वापरून पाहतात. उंटाच्या कुळातल्या प्राण्यांमध्ये सापडणाऱ्या एका वेगळ्या अँटिबॉडीपासून मिळणारी नॅनोबॉडी तर नेहमीच्या अँटिबॉडीच्या एक दशांश वजनाची असते.

एमआरआयमध्ये गाठ चमकते का?

उलट काळी पडते. एमआरआय हे मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचे संकेत ऐकतं. लोहाच्या कणाभोवती स्थानिक क्षेत्र विस्कटतं, शेजारच्या हायड्रोजनचा ताल बिघडतो आणि तिथला संकेत लवकर विझतो. म्हणून प्रतिमेत काळा डाग. बातम्यांतल्या चित्रांत गाठ लाल-पिवळी झळकताना दिसते, तो संगणकाने नंतर भरलेला रंग असतो.

काळ्या डागाची पंचाईत अशी, की जुना रक्तस्राव, हवा आणि कॅल्शियमचे साठेही काळेच दिसतात. डाग कणांमुळे आहे हे ठरवायला आधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी लागते. यावर एक देखणा उतारा म्हणजे चुंबकीय कण प्रतिमांकन. २००५ मध्ये ग्लाइश आणि वायझेनेकर यांनी ते मांडलं. त्यात ऊतींचा संकेत येतच नाही, फक्त कणांचा येतो, त्यामुळे पार्श्वभूमी कोरी राहते. मात्र त्यात हाडं-अवयव दिसत नाहीत. गाठ शरीरात कुठे आहे हे कळायला सीटी किंवा एमआरआयची जोड लागतेच.

कण गरम कसे होतात? एमआरआयच्या मशीनमध्येच उपचार उरकता येतो का?

नाही. एमआरआयचं मुख्य क्षेत्र स्थिर असतं, आणि स्थिर क्षेत्रात हे कण तापत नाहीत. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, ज्यातलं क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होतं. प्रत्येक फेरीत कणाची चुंबकीय दिशा क्षेत्रामागे धावते, थोडी मागे पडते, आणि त्या मागे पडण्यात उष्णता सुटते. दिशा दोन प्रकारे पालटते. एक तर कण जागच्या जागी राहतो आणि आतलं चुंबकत्व फिरतं, किंवा अख्खा कणच द्रवात गिरकी घेतो. गाठीत अडकलेल्या, पेशीला चिकटलेल्या कणाला गिरकी घेता येत नाही. म्हणून नळीतल्या पाण्यात झकास तापणारा कण गाठीत निम्मासुद्धा तापेल याची खात्री नसते. शोधनिबंधातला तापण्याचा आकडा पाहिला की मोजणी पाण्यात केली की ऊतीत, हे मी आधी शोधतो.

क्षेत्र वाढवून ही कसर भरून काढता येत नाही. बदलत्या क्षेत्रामुळे निरोगी ऊतींतही विद्युत प्रवाह फिरतात आणि माणूसच तापू लागतो. त्यामुळे क्षेत्राची ताकद गुणिले वारंवारता याला एक व्यावहारिक मर्यादा पाळतात.

किती तापमान लागतं?

साधारण ४२ ते ४५ अंश सेल्सिअस, काही मिनिटं ते तासभर. यात पेशी जळून कोळसा होत नाही. तिची प्रथिनं बिघडतात, डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा कोलमडते, आणि त्याच सुमारास रेडिओथेरपी दिली तर किरणांचा मारा जास्त परिणाम करतो. ४३ अंशांच्या वर दर एका अंशाला लागणारा वेळ अंदाजे निम्मा होतो, असा एक ढोबळ नियम १९८० च्या दशकापासून वापरात आहे. ‘जाळणे’ हा शब्द बातमीदारांचा.

एकेक कर्करोग पेशी निवडून मारता येते, असं वाचलं. खरं आहे का?

याचं उत्तर आकड्यांत देतो, कारण इथेच घोडं पेंड खातं.

एका कणाची उष्णता इतकी नगण्य असते की ती क्षणात आजूबाजूला पसरते. एक पेशी कणांनी गच्च भरली तरी शेजारच्या पेशींपेक्षा तिचं तापमान जाणवण्याइतकं वाढत नाही. तापते ती अख्खी गाठ, तीही पुरेसे कण असले तरच.

पुरेसे म्हणजे किती? गाठीतून वाहणारं रक्त सतत थंडावा देत असतं. त्याला पुरून उरायला दर घन सेंटिमीटरमागे सुमारे १०० मिलिवॅट उष्णता लागते, असा सर्वसाधारण अंदाज वापरतात. चांगले कण सुरक्षित क्षेत्रात ग्रॅमभर लोहामागे १०० वॅट देतात असं धरू. म्हणजे गाठीच्या दर ग्रॅममागे १ मिलिग्रॅम लोह हवं. २० नॅनोमीटरचा गाभा धरला तर १ मिलिग्रॅम लोहात सुमारे ६४ लाख कोटी कण येतात. ग्रॅमभर गाठीत १०० कोटी पेशी असं पाठ्यपुस्तकी गणित घेतलं, तर पेशीमागे ६४ हजार कण. पेशीवर हर-टूची दहा लाख ठिकाणं असतील तर पकडायला जागेची टंचाई नाही. इथवर सगळं आशादायक वाटतं.

आता प्रवास पाहा. माणसाला शिरेतून दिलेल्या नुसत्या अँटिबॉडीपैकी गाठीच्या दर ग्रॅममध्ये पोचते ती साधारण ०.००१ ते ०.०१ टक्का. कण अँटिबॉडीपेक्षा मोठा, तो याहून बरं करेल असं मानायला कारण नाही. तरी तेवढंच धरू. ५०० मिलिग्रॅम लोह दिलं, तर गाठीच्या ग्रॅममध्ये ०.००५ ते ०.०५ मिलिग्रॅम. हवं होतं १ मिलिग्रॅम. म्हणजे २० ते २०० पट कमी.

या कमतरतेचा दुसरा अर्थही पाहण्यासारखा आहे. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि एवढं लोह एमआरआयला दिसण्याजोगं आहे. दाखवायला जेवढं पुरतं तेवढ्यात तापवता येत नाही. ‘निदान आणि उपचार एकाच कणात’ ही घोषणा ऐकली की मला हे गणित आठवतं.

मग उरलेले कण जातात कुठे?

यकृतात आणि प्लीहेत. शरीराच्या दृष्टीने ३० ते १०० नॅनोमीटरची वस्तू म्हणजे घुसखोर विषाणूच्या मापाची. तिथल्या भक्षक पेशी ती रक्तातून वेचून काढतात. सहाएक नॅनोमीटरपेक्षा लहान असती तर मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडली असती. पण मग चुंबकत्वही तेवढंच लहान.

२०१६ मध्ये दहा वर्षांतले ११७ शोधनिबंध एकत्र तपासणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या प्रकारच्या नॅनोकणांचा, बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाची मध्यक किंमत (निम्म्या नोंदी जिच्या खाली, निम्म्या वर) ०.७ टक्के होती. गाठ ओळखणारा रेणू लावलेल्या कणांची ०.९, न लावलेल्यांची ०.६. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहून अनेक प्रयोगशाळांत काही दिवस शांतता होती. उंदराची गाठ त्याच्या अंगाच्या मानाने केवढी मोठी असते हे लक्षात घेतलं, तर माणसातलं चित्र आणखी कठीण.

दोन कारणं ठळक आहेत. रक्तात शिरताच कणावर रक्तातली प्रथिनं चढतात आणि अँटिबॉडी त्यांच्याखाली झाकली जाते. दुसरं, अँटिबॉडीला गाठ दिसते ती तिच्याजवळ पोचल्यावर. पाकिटावर पत्ता अचूक लिहिला म्हणून पोस्टमनला रस्ता सापडतो असं नाही. रक्तवाहिनीतून बाहेर पडणं, दाट ऊतीतून वाट काढणं हे अँटिबॉडीच्या हातात नाही. जे कण पोचतात तेही बहुतांशी वाहिनीलगतच्या पहिल्या काही पेशींनाच चिकटून बसतात आणि मागच्यांची वाट अडवतात.

मग अँटिबॉडीला औषध जोडून केलेले उपचार कसे चालतात?

कारण ओझं हलकं असतं. ट्रास्टुझुमॅबला केमोच्या विषाचे मोजके रेणू जोडलेलं औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं. किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेली अँटिबॉडी त्याआधी, २००२ मध्ये. या दोन्हींत अँटिबॉडीचा आकार फारसा बदलत नाही, ती अँटिबॉडीसारखीच फिरते. शिवाय ते विष इतकं जहाल असतं की पेशीत थोडेच रेणू शिरले तरी भागतं. चुंबकीय कणाच्या बाबतीत अँटिबॉडी ही डोंगराला लावलेल्या झेंड्यासारखी आहे. झेंडा कुठलाही लावा, डोंगर डोंगरासारखाच वागणार.

आजवर माणसांत काय काय झालं आहे?

लोहाचे कण माणसांत गेले आहेत, आणि अनेकदा. पण बहुतांशी अँटिबॉडीशिवाय.

यकृताच्या एमआरआयसाठी फेरुमॉक्साइड हे कणरूप द्रव्य अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. त्याची युक्ती मला फार आवडते. निरोगी यकृतातल्या भक्षक पेशी कण गिळतात आणि यकृत काळं पडतं. यकृतातल्या गाठीत यकृताच्या त्या पेशी सहसा नसतात, त्यामुळे ती उजळ उरते. कण यकृतात जातात या दोषाचाच वापर करून घेतला होता. पुढे मागणी घटली आणि २००८ च्या सुमारास उत्पादन थांबलं.

तापवण्याच्या बाजूने पाहिलं तर कल्पना १९५७ इतकी जुनी आहे. गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) चुंबकीय कण पोचवून त्या तापवून दाखवल्या होत्या. माणसांत सर्वांत पुढे गेली ती बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीची पद्धत. तिला मेंदूच्या गाठींसाठी युरोपात २०१० च्या सुमारास परवानगी मिळाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग उलटलेले ५९ रुग्ण होते. पहिल्यांदा उलटल्यापासूनचं मध्यक आयुर्मान १३.४ महिने निघालं. सोबत रेडिओथेरपी होती आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे दोन्ही ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा.

इथे महत्त्वाचं काय, तर त्यांनी कण शिरेतून दिलेच नाहीत. कवटीतून सुई घालून थेट गाठीत सोडले, आणि त्या द्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम लोह होतं. वरच्या गणितातला प्रवासच त्यांनी वगळला. अँटिबॉडी नव्हतीच.

हर-टूविरुद्धची अँटिबॉडी लावलेले कण घेऊन पहिल्या टप्प्याची एक चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आहे, स्तनाच्या कर्करोगासाठी. तिथेही कण शिरेतून न देता स्तनात टोचले, म्हणजे ते लसिकेतून काखेतल्या लसिका गाठींकडे जातात. हेतू प्रतिमेपुरता, तापवण्याचा नव्हे. वाट छोटी, ओझं कमी. माझ्या मते या विषयाने आधी इथून चालायला हवं होतं.

अँटिबॉडी लावलेल्या कणांनी उंदरांत तरी गाठ गेली का?

२००५ च्या आसपास कॅलिफोर्नियात डीनार्डो आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांना अशी कणजोडी शिरेतून दिली, नंतर क्षेत्र दिलं, आणि गाठींची वाढ मंदावल्याचं दाखवलं. त्यानंतर असे बरेच प्रयोग झाले.

पण सर्वांत विचारात पाडणारा प्रयोग २०२० चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. तिथल्या संशोधकांनी ट्रास्टुझुमॅब लावलेले आणि साधे कण वेगवेगळ्या उंदरांना दिले. लावलेले कण गाठीत जास्त टिकले. इथपर्यंत ठीक. पण गाठीत हर-टू असो वा नसो, ते टिकतच होते. शोध घेतल्यावर कळलं की कण कर्करोगाच्या पेशींनी धरलेच नव्हते, गाठीत वावरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी गिळले होते. आणखी पुढची गंमत अशी की क्षेत्र न देता, काहीही न तापवता, रोगप्रतिकारक यंत्रणा शाबूत असलेल्या उंदरांत गाठींची वाढ टी पेशींमुळे (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) दबली.

म्हणजे आम्ही ज्या अँटिबॉडीला ओळखपत्र समजत होतो, ती बहुधा भक्षक पेशींना आमंत्रणपत्रिका ठरत होती. हे वाचल्यावर माझ्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. गाठीतलं लोह मोजलं होतं, कुठल्या पेशीत होतं ते कधी पाहिलंच नव्हतं.

मग ही जोडी कुठेच उपयोगाची नाही का?

शरीराबाहेर ती उत्तम चालते, आणि तुम्ही तिचा लाभ बहुधा घेतलाही असेल. थायरॉइड किंवा पीएसएची (प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित प्रथिनाची) रक्ततपासणी करणाऱ्या अनेक स्वयंचलित यंत्रांमध्ये अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणीच वापरतात. रक्ताचा नमुना आणि मणी एकत्र करायचे, हवं ते प्रथिन मण्यांवर अडकतं, बाजूला चुंबक लावायचा. हे मणी मायक्रोमीटरच्या मापाचे असतात, त्यामुळे गढूळ तपकिरी द्रव बघता बघता नितळ होतो आणि नळीच्या एका भिंतीवर काळी रेघ उमटते. बाकीचं धुऊन टाकायचं. शेकडो वेळा केलं तरी ती रेघ बघायला मला अजून आवडतं.

रक्तात भटकणाऱ्या कर्करोग पेशी मोजण्याची सेलसर्च ही तपासणी याच तत्त्वावर चालते. अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. ७.५ मिलिलिटर रक्तात, एपकॅम या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी लावलेल्या कणांनी पेशी वेचतात. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात ५ किंवा जास्त पेशी सापडणं हे गंभीर लक्षण मानतात. नळीत ना यकृत असतं, ना रक्तप्रवाह, ना भिंती ओलांडायच्या असतात.

धोके कोणते?

शिरेतून दिलेल्या लोहकणांचा सर्वांत तातडीचा धोका तीव्र ॲलर्जीचा. फेरुमॉक्सिटॉलवर २०१५ मध्ये अमेरिकेत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणं बंधनकारक झालं, तो याचसाठी. आधीच अंगात लोह जास्त असणाऱ्यांना वाढीव लोह नकोच. अँटिबॉडी लावलेली असेल तर तिचे स्वतःचे दुष्परिणाम वेगळे.

आणि एक न जाणवणारा त्रास. फेरुमॉक्सिटॉल घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत एमआरआयच्या प्रतिमा बदललेल्या दिसू शकतात. असं काही घेतलं असेल तर रेडिओलॉजिस्टला आधी सांगा. न सांगितल्यास नसलेला आजार दिसायचा.

पेसमेकर असेल, दातात धातू भरलेला असेल तर?

तापवण्याच्या उपचारात मोठी अडचण. बदलत्या क्षेत्रात धातू स्वतःच तापतो. मेंदूच्या गाठींवरच्या त्या उपचारात आसपासच्या ४० सेंटिमीटरमध्ये धातू चालत नव्हता, म्हणून दातांतला धातू काढून दुसरा पदार्थ भरावा लागे. शिवाय गाठीत एवढं लोह साचल्यावर तिथला एमआरआय निरुपयोगी होतो, सगळं काळं. मेंदूच्या रुग्णाला पुढची देखरेख एमआरआयशिवाय करावी लागणं ही लहान किंमत नाही.

चुंबकीय ब्रेसलेट, पट्टे, गाद्या यांचा याच्याशी काही संबंध?

नाही.

कुणी ‘नॅनो-चुंबकीय कॅन्सर उपचार’ देतो म्हणाला तर काय विचारावं?

कण शिरेतून देणार की थेट गाठीत, हे पहिलं. मग अँटिबॉडी कोणती, आणि माझ्या गाठीच्या बायोप्सीत ते प्रथिन तपासलं आहे का. ही नोंदणीकृत चाचणी आहे का, कितव्या टप्प्याची, नोंदणी क्रमांक काय, नीतिसमितीची परवानगी कुठे आहे. पैसे मागत असतील तर कशाचे? ज्याची परिणामकारकताच अजून तपासायची आहे, त्या औषधाची किंमत रुग्णाकडून घेतली जात असेल तर सावध व्हा. चालू असलेले केमो, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं तर तिथून उठा आणि हा सगळा कागद आपल्या कर्करोगतज्ज्ञासमोर ठेवा.

शेवटी एक प्रश्न माझ्याकडून जोडतो, कारण तो फारसा कुणी विचारत नाही : गाठीत कण पोचले हे तुम्ही मोजणार कसे, आणि ते कुठल्या पेशीत आहेत हे पाहिलंत का?